व्हीलॅन केलं आणि नेट गेलं: स्विच बदलण्याआधीची तपासणी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चिंचोळीतलं युनिट असो, होटगी रोडवरचं छोटं हॉस्पिटल असो की जुळे सोलापुरातले क्लासेस, मागणी जवळपास एकच असते. हिशेबाचे पीसी वेगळे हवेत, कॅमेरे वेगळे हवेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाय-फाय द्यायचं, पण त्यांच्या मोबाइलवरून टॅलीच्या पीसीपर्यंत कोणी पोचता कामा नये. त्यासाठी मॅनेज्ड किंवा स्मार्ट, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच येतो, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्क, बनतात, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते: चालत होतं तेही बंद पडलं. मग स्विच खराब म्हणून परत जातो, दुसरा येतो, तोही तसाच वागतो. या तक्रारीत स्विच खरोखर खराब निघणं विरळाच. दोष बहुतेक वेळा एका पोर्टच्या दोन सेटिंगमध्ये असतो, नाहीतर दोन स्विच जोडणाऱ्या केबलच्या दोन टोकांमध्ये. क्रमाने गेलं तर तो सापडतो.

पुढे सगळीकडे एकच आराखडा धरला आहे. ऑफिसचं व्हीलॅन १०, कॅमेऱ्यांचं २०, पाहुण्यांच्या वाय-फायचं ३०. आयपी अनुक्रमे १९२.१६८.१०, १९२.१६८.२० आणि १९२.१६८.३० या रेंजमधले, प्रत्येक गेटवेच्या, म्हणजे व्हीलॅनमधून बाहेर नेणाऱ्या पत्त्याच्या, शेवटी १. ऑफिसात २४ पोर्टचा मुख्य स्विच, मागच्या शेडमध्ये ८ पोर्टचा छोटा स्मार्ट स्विच, मध्ये एक केबल. आयपीतला तिसरा आकडा व्हीलॅनच्या नंबराशी जुळता ठेवला की पीसी कुठे जाऊन पडलाय ते आयपी बघताच कळतं. नवीन काम असेल तर ही सवय लावाच.

लक्षणं

- पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी. डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही, विंडोजने स्वतःच नंबर घेतला.
- आयपी मिळतो, पण भलत्याच रेंजचा. कॅमेऱ्याच्या पोर्टवर लॅपटॉप लावला तर १९२.१६८.१० चा येतो, किंवा कधी न पाहिलेला १९२.१६८.० चा.
- मुख्य स्विचवर सगळं ठीक, शेडमधल्या स्विचवर काहीच नाही. त्याहून फसवं म्हणजे शेडमध्ये ऑफिसचं नेट चालतं आणि फक्त कॅमेरे दिसत नाहीत.
- मोबाइल वाय-फायला जोडतो आणि आयपी मिळवण्यावरच अडकून राहतो.
- गेटवेला पिंग (उत्तर येतं का बघणारी हाक) जातं, इंटरनेट नाही. किंवा इंटरनेट आहे, पण दुसऱ्या व्हीलॅनमधला प्रिंटर नाही.
- लाइट जाऊन आली की सेटिंग गायब.
- सेटिंग बदलल्यावर स्विचचं स्वतःचं पानच उघडत नाही.

यांपैकी कुठलं लक्षण आहे ते कागदावर लिहा, सोबत कुठल्या पोर्टवर ते लिहा, आणि रीसेटच्या बटणाला हात लावू नका. रीसेट केलं की सगळी पोर्ट पुन्हा व्हीलॅन १ मध्ये येतात, नेट "सुरू" होतं आणि दोष दाखवणारा पुरावा पुसला जातो.

१. केबल, पोर्ट आणि पीसीतला जुना आयपी

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. पोर्टचा दिवा लागतो का बघा. चालू असलेल्या पीसीची पॅच कॉर्ड काढून इथे लावा. केबल स्विचच्या ज्या पोर्टवर आहे असं तुम्ही समजता, खरंच त्याच पोर्टवर आहे का, हे केबल काढून दिवा विझतो का त्यावरून पक्कं करा. रॅकमध्ये लेबल नसतील तर हा गोंधळ हमखास होतो: सेटिंग पोर्ट ५ वर आणि केबल ६ वर.

मग पीसीत बघा, कुणीतरी आधी हाताने आयपी भरून ठेवलेला आहे का. हिशेबाचे पीसी, प्रिंटर आणि बोटाच्या ठशाची हजेरी मशीन यांत तो जवळपास नेहमी असतो. व्हीलॅन बदललं, रेंज बदलली, मशीनला मात्र जुनाच पत्ता.

शेड लांब असेल तर अंतर मोजा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे दिवा लागला तरी भरवसा नाही. तिथे फायबर टाकणं हाच उपाय.

२. आयपी कोण देतंय?

भलत्या रेंजचा आयपी येत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवा आणि डीएचसीपी सर्व्हर ही ओळ वाचा. तो पत्ता तुमच्या राउटरचा नसेल, तर कुणीतरी जुना वाय-फाय राउटर लॅन पोर्टमधून नेटवर्कला जोडून ठेवलाय आणि तो आपल्या मर्जीने आयपी वाटतोय. तो शोधून त्याचं डीएचसीपी बंद करा.

जुन्या मोबाइलना नेट आहे, नव्यांना नाही, असं फक्त पाहुण्यांच्या वाय-फायवर होत असेल तर पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, संपलाय का बघा. ओपीडीच्या गर्दीत २४ तासांची लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) ठेवली की दोनशे पत्ते दुपारपर्यंत अडकून बसतात. लीज एक-दोन तासांवर आणा.

३. लाइट गेली की गायब होणारी सेटिंग

बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये अप्लाय दाबलं की सेटिंग चालू होते, पण फक्त चालू मेमरीत. कायमची ठेवायला सेव्ह वेगळं दाबावं लागतं. सिस्कोमध्ये त्यासाठी राइट मेमरी किंवा कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. सेव्ह राहिलं असेल तर लाइट जाईपर्यंत सगळं छान चालतं, आणि मग लोक लाइटला दोष देतात. सेव्ह करून स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करून बघा, आणि कॉन्फिगरेशनची फाइल डाउनलोड करून ठेवा.

इथेच तापमानाचंही बघा. बऱ्याच छोट्या बिनपंख्याच्या स्विचच्या डेटाशीटवर कामाचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पेटीत, मागांच्या कापसाची रोय साचलेला स्विच त्याहून कितीतरी तापलेला असतो. दोष फक्त दुपारी येत असेल आणि सकाळी आपोआप नाहीसा होत असेल, तर व्हीलॅनमध्ये काही शोधू नका. स्विच बंद करून रोय कोरड्या ब्रशने काढा आणि पेटीला वरखाली जाळी द्या. कॅमेरे फक्त रात्री बंद पडत असतील तर पीओईचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच दिल्या जाणाऱ्या विजेचा, भार तपासा. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो, आणि स्विचची एकूण पीओई क्षमता अपुरी असेल तर पोर्ट बंद पडतात.

४. दोष अर्ध्यावर तोडणारी चाचणी

लॅपटॉप त्या पोर्टला लावा, वायरलेस बंद करा, आणि हाताने आयपी भरा. व्हीलॅन २० साठी १९२.१६८.२०.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.२०.१. आता गेटवेला पिंग करा आणि लगेच एआरपी -ए चालवा; कुठल्या आयपीमागे कुठला मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा स्वतःचा नंबर) आहे ते ही कमांड दाखवते.

पिंगला उत्तर आलं, तर लॅपटॉपपासून राउटरपर्यंत व्हीलॅनची वाट धड आहे. स्विच सोडा, दोष डीएचसीपीत आहे. सहाव्या तपासणीकडे जा. पिंग आलं नाही पण एआरपीच्या यादीत गेटवेचा मॅक पत्ता दिसतोय, तरी वाट धडच आहे, राउटर फक्त पिंगला उत्तर देत नाही. मॅकही दिसत नसेल तर फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, वाटेत कुठेतरी पडतेय. तेव्हाच पुढची पायरी. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि ती टाळून स्विच आणि राउटर दोन्हीकडे एकदम बदल करत सुटलं की संध्याकाळपर्यंत कुठली सेटिंग मूळची होती हेही आठवत नाही.

५. पीव्हीआयडी आणि मेंबरशिप

ही पायरी सावकाश वाचा, कारण स्मार्ट स्विचमधला नेहमीचा दोष इथेच असतो.

स्विचला प्रत्येक पोर्टबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली: पीसीकडून बिनटॅगची, म्हणजे व्हीलॅनचा नंबर न लावलेली, फ्रेम आत आली तर ती कुठल्या व्हीलॅनची समजायची. हे पीव्हीआयडी ठरवतो. दुसरी: आतली फ्रेम या पोर्टातून बाहेर सोडायची का, आणि सोडताना तिचा टॅग ठेवायचा की काढायचा. हे मेंबरशिप ठरवते, म्हणजे टॅग्ड, अनटॅग्ड किंवा मेंबर नाही. सिस्कोच्या अ‍ॅक्सेस पोर्टवर (जे एकाच व्हीलॅनचं असतं) स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन २० ही एकच ओळ दोन्ही कामं करते. वेब पानावर चालणाऱ्या बऱ्याच स्मार्ट स्विचमध्ये ही दोन वेगळी पानं असतात, आणि माणूस पहिलं पान भरून थांबतो.

थांबल्यावर काय होतं ते पोर्ट ५ वर बघा. तुम्ही ते व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केलं, पीव्हीआयडी १ च राहिला. पीसीची डीएचसीपीची हाक आत येते आणि व्हीलॅन १ मध्ये जाते. पोर्ट ५ अजून व्हीलॅन १ चंही अनटॅग्ड मेंबर असेल आणि व्हीलॅन १ मध्ये कोणी डीएचसीपी देत असेल, तर उत्तर परत येतं आणि पीसीला व्हीलॅन १ चा आयपी मिळतो. पोर्ट ५ व्हीलॅन १ मधून काढलं असेल, तर उत्तराला बाहेर पडायला वाटच नाही, पीसीवर १६९.२५४. म्हणजे लक्षणांच्या यादीतल्या पहिल्या दोन तक्रारी, एकाच चुकीच्या.

उलटी चूक जास्त दिवस लपते. पीव्हीआयडी २० बरोबर केला, पण पोर्ट व्हीलॅन १ मधून काढायचं राहिलं. आयपी बरोबर येतो, नेट चालतं, सगळे खूश. पण व्हीलॅन १ चा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, या पोर्टातून बाहेर सांडत राहतो. राउटर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी) देत असेल तर त्याची जाहिरातही सांडते आणि पीसी दुसऱ्याच व्हीलॅनचा आयपीव्ही६ पत्ता उचलतो. मग काही वेबसाइट उघडतात, काही लटकतात. ज्या वेगळेपणासाठी खर्च केला तोच इथे मिळत नाही, म्हणून नेट चालू असलं तरी ही चूक सोडू नका.

नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: ज्या पोर्टवर पीसी, कॅमेरा किंवा प्रिंटर आहे, ते पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी त्याच नंबराचा, बाकी कुठल्याच व्हीलॅनमध्ये मेंबर नाही. तपासायचा पक्का मार्ग म्हणजे स्विचचा मॅक टेबल. सिस्कोमध्ये शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल. लॅपटॉपचा मॅक पोर्ट ५ समोर आणि व्हीलॅन २० मध्ये दिसला पाहिजे. १ मध्ये दिसला तर पीव्हीआयडी चुकलाय, वाद संपला. काही स्वस्त मॉडेलमध्ये हे पान नसतं, तिथे चौथी चाचणीच कामाला येते. आणि काही मॉडेलमध्ये पोर्ट-बेस्ड व्हीलॅन आणि ८०२.१क्यू (टॅगवर चालणारं) व्हीलॅन असे वेगळे मोड असतात, एक चालू केला की दुसरा बंद होतो. पोर्ट-बेस्ड मोडमध्ये टॅग नसतोच, त्यामुळे दुसऱ्या स्विचपर्यंत व्हीलॅन नेता येत नाही. ८०२.१क्यू निवडलंय ना, एकदा बघून घ्या.

मग दोन स्विचमधली केबल

पोर्ट बरोबर असूनही शेडमध्ये व्हीलॅन पोचत नसेल, तर केबलची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी लिहून काढा. ऑफिसच्या टोकाला १०, २०, ३० टॅग्ड असतील तर शेडच्या टोकालाही तेच हवेत. बिनटॅगचं व्हीलॅन, ज्याला सिस्को नेटिव्ह म्हणतो, तेही दोन्हीकडे एकच. एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्याला १० असेल तर दोन व्हीलॅन आपसात मिसळतात, किंवा स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा फेरा होऊ न देणारी स्विचची यंत्रणा, ते पोर्टच अडवून ठेवते.

मधल्या प्रत्येक स्विचवर ते व्हीलॅन बनवलेलं असलं पाहिजे. तिथे व्हीलॅन २० चा एकही कॅमेरा नसला तरी. नंबर नुसता परवानगीच्या यादीत असून भागत नाही. सिस्कोवर शो इंटरफेसेस ट्रंक हे नेमकं दाखवतं. पहिल्या यादीत व्हीलॅन २० आहे आणि त्याखालच्या अ‍ॅक्टिव्हच्या यादीत नाही, म्हणजे या स्विचवर ते बनवलेलंच नाही. अ‍ॅक्टिव्हमध्ये आहे आणि शेवटच्या फॉरवर्डिंगच्या यादीत नाही, म्हणजे स्पॅनिंग ट्रीने अडवलंय किंवा व्हीटीपीने (सिस्को स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सोय) छाटलंय.

सिस्कोवाल्यांसाठी एक इशारा. चालू ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर, नवीन व्हीलॅन घालताना स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३० लिहा. अ‍ॅड विसरलात तर जुनी यादी पुसून फक्त ३० उरतं, आणि ऑफिस व कॅमेरे दोन्ही एका एंटरमध्ये बंद. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यातल्या स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक पोर्टची जुडी, हेही ध्यानात असू द्या. तिथे व्हीलॅनच्या आत जाऊन टॅग्ड-अनटॅग्ड लिहायचं असतं.

मध्येच कुठे पाच पोर्टचा साधा स्विच ठेवलाय का? जिन्याखाली, छतात, कॅमेऱ्याच्या पेटीत असा एखादा असतोच. टॅगमुळे फ्रेम ४ बाइटने वाढते, जास्तीत जास्त १५१८ ची १५२२ होते. बरेचसे साधे स्विच ती तशीच पुढे सोडतात, काही टाकून देतात. लहान पिंग जातं आणि मोठी फाइल अडकते, असं दिसलं की आधी हा मधला डबा शोधा.

वाय-फायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं पोर्टही असंच वागवायचं: त्याचं स्वतःचं व्यवस्थापन अनटॅग्ड, पाहुण्यांचं ३० टॅग्ड. अ‍ॅक्सेस पॉइंट साध्या अ‍ॅक्सेस पोर्टला लावला की मोबाइल आयपीची वाट बघत बसतात.

६. राउटर आणि डीएचसीपी

आधी हे बघा की तुमचा राउटर व्हीलॅन जाणतो का. इंटरनेटच्या कनेक्शनसोबत मिळणाऱ्या बहुतेक डब्यांना लॅनकडे एकच नेटवर्क असतं. त्यांना लॅनच्या बाजूने टॅग समजत नाहीत. असं असेल तर स्विचवर कितीही सेटिंग केली तरी २० आणि ३० ला गेटवे नाही. व्हीलॅन जाणणारा राउटर किंवा लेयर ३ स्विच (राउटरचंही काम करणारा) घ्यावाच लागतो.

मायक्रोटिकच्या राउटरवर नेहमीची चूक अशी: पोर्ट ब्रिजमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या पोर्टच्या गटात, आहे आणि व्हीलॅन इंटरफेस ब्रिजवर न बनवता थेट त्या पोर्टवर बनवलाय. तो ब्रिजवर हवा, डीएचसीपी सर्व्हर त्या व्हीलॅन इंटरफेसवर हवा, आणि ब्रिजच्या व्हीलॅन यादीत खुद्द ब्रिजही टॅग्ड हवा. व्हीलॅन फिल्टरिंग चालू करण्याआधी सेफ मोड दाबा. संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतले जातात.

लेयर ३ स्विच गेटवे असेल आणि डीएचसीपी दुसरीकडे, तर प्रत्येक व्हीलॅनवर रिले, म्हणजे हाक पुढे पोचवणारी सोय, लावा, सिस्कोमध्ये आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस. डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्ट असते, व्हीलॅन ओलांडत नाही. गेटवेला पिंग आहे पण इंटरनेट नाही, तर परतीचा रस्ता बघा: पुढच्या राउटरवर १९२.१६८.२० साठी लेयर ३ स्विचकडे जाणारा स्टॅटिक रूट (हाताने भरलेला रस्ता) हवा.

७. वाट धड आहे, तरी प्रिंटर दिसत नाही

इथे बरेचदा नेटवर्क निर्दोष असतं. प्रिंटर आणि हजेरी मशीनमध्ये आयपी भरलेला असतो, गेटवेचा रकाना रिकामा. एकाच नेटवर्कमध्ये ते खपून जातं. दुसऱ्या व्हीलॅनमधून विचारणा आली की उत्तर परत पाठवायला त्याला दार माहीत नसतं. गेटवे भरा. विंडोजचा फायरवॉल सहसा दुसऱ्या सबनेटमधल्या पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग नाही म्हणजे वाट नाही असं समजू नका. नावाने शोधणं ब्रॉडकास्टवर चालतं, तेही व्हीलॅनपलीकडे जात नाही. टॅलीचा शेअर्ड फोल्डर आणि प्रिंटर आयपीने जोडा. कॅमेरे थेट एनव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या, पाठीमागच्या पीओई पोर्टमध्ये लावलेले असतील तर ते एनव्हीआरच्या आतल्या नेटवर्कमध्ये असतात. स्विचच्या व्हीलॅन २० शी त्यांचा संबंधच नाही.

कुठे थांबायचं

स्विचच्या किंवा रॅकच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच हात काढा. हा अर्थिंगचा दोष आहे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत केबललाही हात नको.

हॉस्पिटलमध्ये आयसीयूचे मॉनिटर किंवा तपासणीची मशीन त्याच स्विचवर असतील तर पाचव्या पायरीपुढे स्वतः जाऊ नका. मुख्य स्विचचा पासवर्ड माहीत नाही, कॉन्फिगरेशनची प्रत नाही, किंवा फायरवॉल दुसऱ्या कुणाच्या देखभाल करारात आहे, तरी थांबा. सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत भराभर लुकलुकताहेत आणि पूर्ण नेटवर्क गोठलंय, हा लूप आहे, म्हणजे एखादी केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये परत आलीय. शेवटची लावलेली केबल काढा; तेवढ्याने सुटलं नाही तर नेटवर्कवाल्याला बोलवा. फायबरचं टोक तुटलं असेल तर स्प्लायसिंग मशीनशिवाय ते काम होत नाही.

दुरून काम करत असाल आणि चुकीच्या ओळीने संपर्क तुटण्याची भीती असेल तर सिस्कोवर आधी रीलोड इन १० द्या. काम जमलं की रीलोड कॅन्सल, मग सेव्ह. तुटलंच तर दहा मिनिटांत स्विच जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर उठतो. ही सोय नसलेल्या स्विचचं ट्रंक पोर्ट दुरून बदलूच नका, त्या शेडमध्ये लॅपटॉप घेऊन जा.

बाहेरच्या माणसाला बोलावताना त्याच्या हातात चार गोष्टी द्या: कुठलं पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये याचा कागद, दोषी पीसीच्या आयपीकॉन्फिगचा फोटो, चौथ्या चाचणीत पिंग आणि एआरपीचं काय झालं ते, आणि शेवटचा बदल कुठला केला होता. एवढं असेल तर त्याला तपासणी पहिल्यापासून करावी लागत नाही.